सेनहायझर एचडी ६००: डेमो पीस ऐकताना आणि नवा नग घेताना

दुकानात ऐकायला ठेवलेला सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन डोक्यावर चढवला की पहिल्या मिनिटातच आवडतो. पॅड मऊ, पकड बेताची, वजन वायर सोडून २६० ग्रॅम. पण ती बेताची पकड आधीच्या कित्येक गिऱ्हाइकांच्या डोक्यांनी सैल केलेली असते. सीलबंद खोक्यातून निघणारा नवा नग कानामागे आणि जबड्याच्या सांध्यावर चांगलाच आवळतो. आवाजाचंही तसंच. पॅड दबून चपटे झाले की कान ड्रायव्हरच्या, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, जवळ सरकतो आणि सुरांचा तोल बदलतो. त्यामुळे हा हेडफोन ऐकायला बसण्याआधी समोरचा नग किती वापरलेला आहे, ते बघून घ्या. पॅड बोटाने दाबून सोडा. लगेच फुगून वर आला तर ठीक. दबलेलाच राहिला, किंवा हेडफोन घातल्यावर कानाची पाळी आतल्या स्पंजला टेकली, तर त्या नगावरून आवाजाचा निकाल लावू नका.

आरामाची परीक्षा अर्ध्या तासाच्या आत होत नाही. गाणं चालू असो-नसो, हेडफोन डोक्यावर राहू द्या, विक्रेत्याशी बोला, मान खाली घालून मोबाइल बघा. त्रास होणाऱ्या जागा तीन: टाळू, कानाखाली जबड्याचा सांधा आणि चष्म्याची काडी. काडी जाड असेल तर पॅड ती कानामागच्या हाडावर दाबत राहतो. पहिली दहा मिनिटं ते जाणवतही नाही, नंतर मात्र ठणका लागतो. घरी जसे ऐकायला बसता तसेच जा: रोजचा चष्मा, रोजची कानातली, अंबाडा घालत असाल तर अंबाडा. केसांना तेल मात्र त्या दिवशी नको. हे पॅड मखमली कापडाचे आहेत, तेल पितात, आणि तुमच्यानंतर दुसऱ्या कुणालातरी ते कानाला लावायचे असतात.

नव्या नगाची पकड सैल करता येते. डोक्यावरची पट्टी दोन्ही बाजूंनी पूर्ण बाहेर ओढली की आतली धातूची पट्टी दिसते. तेवढाच भाग दोन्ही हातांत धरून हळूहळू बाहेर वाकवायचा, मधूनमधून घालून बघायचं. प्लॅस्टिकच्या भागावर जोर दिलात तर पट्टी तडकते. आणि फार सैलही करू नका. पॅड नीट बसले नाहीत तर खालचे सूर निसटतात.

आता आवाज. १९९७ पासून हे मॉडेल बाजारात आहे आणि आजही मानवी आवाज ऐकण्यासाठी मी याचंच नाव आधी सांगेन. ख्यालाचं एखादं स्वच्छ ध्वनिमुद्रण लावा. तंबोऱ्याची जवारी एकसंध गुंजारवासारखी न येता तारेगणिक सुटी ऐकू येते, पेटीचा भाता मागेपुढे होताना हवेचा बारीकसा उसासा कळतो, गायकाने श्वास कुठे चोरला तेही लपत नाही. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ टोकदार, पण कानाला न बोचणारा. डग्ग्याची मींड गोल येते. मात्र तिच्या अगदी तळाचा धक्का थोडा उणा आहे, कारण साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली हा हेडफोन उतरत जातो. ढोल-ताशाचं पथक छातीत घुमावं अशी अपेक्षा असेल तर इथे निराशा होईल. वाद्यांमधलं अंतरही फार पसरट वाटत नाही, सगळी मंडळी जवळ-जवळ बसल्यासारखी वाटतात.

तुलना करताना सगळ्यात मोठी फसगत आवाजाच्या पातळीमुळे होते. दोन हेडफोनमध्ये जो थोडा मोठ्याने वाजतो तोच कानाला अधिक भरीव, अधिक स्पष्ट वाटतो. एचडी ६०० चा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओमचा; तो १ व्होल्टला सुमारे ९७ डेसिबल देणारा. शेजारी बहुतेक वेळा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ठेवलेला असतो. तो ३८ ओमचा, आणि तेवढ्याच व्होल्टला जवळपास ११३ डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे बटण न फिरवता वायर बदलली तर १६ डेसिबलचा फरक! एम५०एक्स त्या फेरीत जिंकणारच. म्हणून मोबाइलमध्ये पिंक नॉइजची (सगळे सूर मिसळलेल्या एकसारख्या खरखरीची) एक फाइल नेऊन दोन्ही हेडफोन आधी कानाने सारख्या पातळीवर आणा, दोन्हींची आवाजाची खूण लिहून ठेवा, मग गाणी लावा. इक्वलायझर, डॉल्बी आणि तत्सम इफेक्ट बंद. गाणी आधीच डाउनलोड केलेली, दुकानातल्या नेटवर विसंबू नका.

तिसरा स्पर्धक बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. तो बंद कपांचा, त्यामुळे खालचे सूर जास्त आणि बाहेरचा गोंगाट कमी. पण वरच्या पट्टीत त्याला धार आहे. निवेदनाची किंवा अभिवाचनाची फाइल लावून ‘स’, ‘श’, ‘च’ ऐका. एचडी ६०० वर ती अक्षरं वाक्यात मिसळतात, डीटी ७७० वर काही कानांना शिट्टीसारखी टोचतात. वायरही त्याची कपातून निघत नाही, तुटली तर सोल्डरिंग आलंच.

हा हेडफोन मोबाइलवर वाजतो का? वाजतो. १ व्होल्ट देणाऱ्या साध्या डाँगलवर (मोबाइलला हेडफोन लावायच्या छोट्या जोडावर) शांत खोलीत बऱ्याच जणांना पुरतो. कमी पडतो तो आलापीसारख्या हळू आवाजात मुद्रित केलेल्या संगीताला. तिथे २ ते ४ व्होल्ट देणारा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, हवा, तो ६ ते १२ डेसिबलची जागा वाढवून देतो. दुकानातल्या महागड्या ट्यूब अ‍ॅम्पवर ऐकवत असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: १०० हर्ट्झच्या आसपास या हेडफोनचा रोध ५०० ओमच्या वर जातो, आणि अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट रोध मोठा असेल तर तिथला बेस फुगतो. ती ऊब अ‍ॅम्पची असते, घरच्या डाँगलवर ती मिळणार नाही. जे यंत्र घरी वापरणार, तेच खिशात घालून न्या.

कप उघडे आहेत, हे एसी लावलेल्या शांत दालनात विसरायला होतं. घरी छताचा पंखा चारवर फिरत असेल तर त्याची घरघर सरळ आत येते आणि तंबोरा झाकून टाकते. कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, सगळं ऐकू येतं. उलट बाजूने तुमचं गाणं खोलीतल्या दुसऱ्याला ऐकू जातं. लोकलमध्ये, ऑफिसात किंवा झोपलेल्या माणसाशेजारी हा उपयोगाचा नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र मखमली पॅड रेक्झिनपेक्षा सुखाचे. घाम कमी येतो, आणि रेक्झिनसारखे पापुद्रे सुटत नाहीत.

खोकं उघडल्यावर पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा. मोनो फाइल (दोन्ही कानांत एकच आवाज असलेली) लावून आवाज बरोबर मध्ये येतो का बघा. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा, म्हणजे डावा कप उजव्या कानावर, घाला: झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनमध्ये किंवा वायर-अ‍ॅम्पमध्ये, त्याच कानाकडे राहिला तर तो तुमच्या कानाचा. मग २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळू चढणारा सूर बेताच्या आवाजात सोडा. मध्येच फरफर आली तर बहुधा एखादा केस पडद्याला टेकलेला असतो. पॅड कडेने ओढून काढला आणि मागची स्पंजची चकती उचलली की तो दिसतो. शेवटी दोन्ही कपांतल्या वायरच्या पिना चालू गाण्यात हलक्या हाताने हलवा. प्रत्येक जोडीत एक पिन जाड आणि एक बारीक असते. आवाज तुटला तर ती वायर तिथेच बदलून घ्या. वायर, पॅड, डोक्यावरची गादी, अगदी ड्रायव्हरसुद्धा सुटे मिळतात आणि घरच्या घरी बसवता येतात. पॅडची एक जास्तीची जोडी त्याच दिवशी मागवून ठेवा. आवाज बदलल्यासारखा वाटेल तेव्हा आधी तीच लावून पाहायची आहे.