पद्मिनीला एसी पंप की इलेक्ट्रिक पंप? गावी निघण्याआधी ठरवताना

जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन ठाण्याहून कोकणात उतरायचं म्हटलं की प्लग, पॉईंट, रेडिएटरचे होज सगळेच बघतात. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे पोचवणाऱ्या पंपाचं मात्र निघायच्या आदल्या दिवशी आठवतं. इंजिनावरचा मूळचा यांत्रिक पंप, ज्याला सगळे एसी पंप म्हणतात (एअर कंडिशनरशी संबंध नाही), तो ठेवायचा, की टाकीजवळ इलेक्ट्रिक बसवायचा? मी दोन्ही वापरले आहेत.

एसी पंपाची बाजू कमी समजू नका. तो इंजिनातल्या फिरत्या कॅमशाफ्टवर चालतो. वायर नाही, फ्यूज नाही. डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, जायला लागला की बहुधा आधी कळतं: ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो, चढावर गाडी ओढत नाही. दुरुस्तीचं किट जवळ असेल तर महाड-चिपळूणचा कोणताही जुना मिस्त्री तो बांधून देतो. शिवाय बॉनेट उघडल्यावर १०८९ सीसीच्या त्या इंजिनावर तोच शोभतो.

माझं अडलं ते माणगावच्या रांगेत. चालत्या गाडीला वारा मिळतो, तोवर पंप तक्रार करत नाही. रांग थांबते, आपण पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करतो, आणि खरा त्रास तिथे सुरू होतो. पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, इंजिनाची सगळी धग त्याला चिकटलेल्या पंपात चढते. त्यात हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो; ओढताना नळीतला दाब उतरतो आणि गरम पेट्रोलची वाफ आणखी लवकर होते. वाफ काही पंपाला ओढता येत नाही. पुढची गाडी सरकते, आपण सेल्फ मारत राहतो, बॅटरी बसत जाते, मागे हॉर्न सुरू होतात. मागच्या सीटवर आई घामाघूम, आणि आपण पंपावर ओलं फडकं टाकून उभे. फडक्याने गाडी सुरू होते, नाही असं नाही. पण पुढच्या रांगेत पुन्हा तेच, आणि मग मुंब्रा बायपासलाच धाकधूक सुरू होते.

अर्थात दोष पंपाचाच आहे याची आधी खात्री करा. गरम झाल्यावर स्पार्कसाठी लागणारे कॉइल आणि कंडेन्सरही असाच दगा देतात. गाडी बंद पडली की आधी स्पार्क बघा. तो चांगला असेल आणि कार्बोरेटर कोरडा असेल, तरच पंपाकडे वळा.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळच्या थंड जागेतून पेट्रोल ढकलतो. नळीत दाब राहतो, त्यामुळे वाफ सहसा होत नाही. चावी फिरवली की टकटक ऐकू येते, ती मंदावली की सेल्फ मारायचा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीतही कार्बोरेटर आधी भरून घेता येतो. टकटक काहींना खटकते. मला आता ती दिलासा वाटते.

मात्र काम नीट करून घ्या. कार्बोरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय इतका दाब पुरतो. इंजेक्शन गाडीचा जास्त दाबाचा पंप लावलात तर कार्बोरेटरात पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई हरते आणि पेट्रोल उतू जाऊन गरम इंजिनावर सांडतं. रिले, फ्यूज आणि अपघाताचा धक्का बसताच करंट तोडणारा स्विच, यात काटकसर नको. नळ्याही पेट्रोलमधलं इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. जुना पंप ओळीत ठेवू नका, कारण त्याचा डायफ्राम फाटला तर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल थेट ऑइलमध्ये ढकलेल. तो काढून त्या जागचं भोक झाकायला पॅकिंगसह पत्री बसवा.

गाडी फक्त रविवारी सकाळी उपवन तलावापर्यंत जाणार असेल, तर एसी पंप बदलायची गरज मला तरी दिसत नाही. दुपारच्या उन्हात घरच्यांना घेऊन चिपळूण गाठायचं असेल, तर मी इलेक्ट्रिकच घेईन. निघण्याच्या महिनाभर आधी बसवा आणि भर दुपारी घोडबंदर रोडच्या गर्दीत बंद-चालू करून बघा. जुना पंप, त्याचं पॅकिंग आणि हातभर नळी डिकीत राहू द्या. वाटेत इलेक्ट्रिक गेलाच तर त्याला वळसा घालून एसी पंप पुन्हा चढवता येतो.