जुन्या डायल-अप मोडेमची जोडणी तपासून देणारे फोंड्यातील दुकान

फोंड्याच्या वरच्या बाजारात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या या संगणक दुरुस्तीच्या दुकानाची शिफारस मी एका मर्यादित कामासाठी करतो. ज्यांच्याकडे सिरियल पोर्ट (मोडेमसारखी उपकरणे जोडायची जुनी खाच) असलेला जुना संगणक आणि डायल-अप मोडेम, म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडणारे उपकरण, आहे आणि तो भंगारात न काढता चालू करायचा आहे, त्यांनी तिथे जरूर जावे. नव्या लॅपटॉपसाठी तिथवर जिना चढण्याचे काही कारण नाही. ते काम गोव्यात कुठेही होते.

आमच्या विद्यालयाच्या संगणक कक्षात जुन्या यंत्रांचा एक कोपरा आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, त्यानंतर बरीच वर्षे घरातल्या दूरध्वनीच्या तारेवरूनच जोडणी होत असे. ती कशी होत असे हे मुलांना दाखवावे, ते कर्कश आवाज त्यांना प्रत्यक्ष ऐकू यावेत, म्हणून दोन संगणक मोडेमने एकमेकांना जोडण्याचा आमचा विचार होता. एकाला बाहेरचा ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) मोडेम होता, तर दुसऱ्यात आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत, बसवलेले मोडेम कार्ड होते. दोन्ही मुके होते. याआधी दुसऱ्या एका दुकानात बाहेरचा मोडेम न उघडताच ‘जळला आहे’ असे सांगून आमची बोळवण करण्यात आली होती.

या दुकानाचे मालक मात्र यंत्राला दोष देण्याआधी जोडणी पाहतात, आणि तीही ठरलेल्या क्रमाने: भिंतीकडून सुरुवात करून संगणकापर्यंत. दूरध्वनीची तार मोडेमच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत आहे की ‘फोन’ लिहिलेल्या, हे त्यांनी प्रथम पाहिले. मग तारेच्या टोकाचा प्लग भिंगाखाली धरून मधले दोन संपर्क मला दाखवले. एकावर हिरवट थर चढला होता. आपल्या दमट हवेत, विशेषतः वर्षानुवर्षे न हलवलेल्या प्लगवर, असे हटकून होते. त्यांनी तो घासत न बसता कापून टाकला आणि नवा प्लग दाबून बसवला. अडॅप्टरही मीटरवर तपासला. काही बाहेरच्या मोडेमना ९ व्होल्टचा एसी पुरवठाच लागतो, आणि दिसायला सारखाच पण डीसी देणारा अडॅप्टर लावल्यास मोडेम बंदच राहतो. आमचा अडॅप्टर योग्य होता.

खरा दोष निघाला तो सिरियल केबलमध्ये. मोडेम चालू केल्यावर एमआर (मोडेम तयार) हा दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. पण हायपरटर्मिनल हा मोडेमशी बोलण्याचा प्रोग्राम उघडल्यावर टीआर (संगणक तयार) हा दिवा लागायला हवा, तो लागत नव्हता. संगणकाने पोर्ट उघडले आहे ही खूण मोडेमपर्यंत जातच नव्हती. मालकांनी केबलची दोन्ही टोके मीटरने पिनामागून पिन तपासली, तेव्हा पाठवण्याची आणि घेण्याची तार आत उलटसुलट जोडलेली आढळली. ही केबल दोन संगणक थेट जोडण्यासाठीची, म्हणजे नल-मोडेम केबल होती. बाहेरून ही आणि मोडेमची सरळ केबल इतक्या सारख्या दिसतात की डोळ्यांनी फरक कळणे शक्य नाही. आमच्या कपाटात ती कुठून आली हे आता कोणीच सांगू शकणार नाही. सरळ केबल लावताच टीआर लागला, आणि ‘एटी’ ही मोडेमचे लक्ष वेधणारी आज्ञा टाइप केल्यावर पडद्यावर ‘ओके’ उमटले. मोडेम जळलेला नव्हता, हे एवढ्यावरच सिद्ध झाले.

दुसऱ्या संगणकाची कथा वेगळी होती. तिथे मोडेम फोन उचलायला गेला की माउस जागच्या जागी गोठत असे. माउस कॉम १ वर (कॉम म्हणजे सिरियल पोर्टचा क्रमांक) होता आणि कार्डावरील जंपर, म्हणजे पिनांवर बसवायच्या लहान टोप्या, कॉम ३ वर लावलेले होते. ही दोन्ही पोर्ट परंपरेने आयआरक्यू ४ हीच एक व्यत्यय-रेषा (उपकरणाने संगणकाचे लक्ष मागण्याची तार) वापरतात, त्यामुळे दोन्ही उपकरणे एकाच वेळी संगणकाचे लक्ष मागू लागली की एकाचा बळी जातो. मालकांनी जंपर हलवून कार्ड कॉम २ आणि आयआरक्यू ३ वर आणले, मदरबोर्डावरचे दुसरे सिरियल पोर्ट बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) बंद केले, आणि मगच विंडोज सुरू केले. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसणाऱ्यांनी हा क्रम पाहण्यासारखा आहे.

चाचणीसाठी त्यांच्याकडे एक लहान इंटरकॉम एक्स्चेंज आहे, आणि या दुकानाचे खरे वैशिष्ट्य मी त्यालाच मानतो. त्याच्या दोन विस्तारांवर, म्हणजे फोन लावायच्या दोन जोडण्यांवर, दोन मोडेम लावून त्यांनी नंबर फिरवायला सांगितले, तेव्हा ‘नो डायलटोन’ असा संदेश आला, कारण इंटरकॉमचा टोन मोडेमच्या ओळखीचा नव्हता. ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिल्यावर मोडेमने टोनची वाट न पाहता नंबर फिरवला, दुसऱ्या टोकाने ‘एटीए’ ही उत्तर देण्याची आज्ञा देऊन फोन उचलला आणि तो ओळखीचा आवाज दुकानभर घुमला. पडद्यावर ११५२०० हा आकडा पाहून आम्ही हरखलो. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग असून तारेवरचा नव्हे, हे त्यांनी लगेच स्पष्ट केले. दोन्ही टोकांना असे साधे मोडेम असतील, तर ३३.६ केच्या पुढे जाता येत नाही; ५६ केसाठी समोरचे टोक एक्स्चेंजला डिजिटल पद्धतीने जोडलेले असावे लागते. फायबरच्या डब्यातून निघणाऱ्या फोनवर हा प्रयोग करू नका, तिथे आवाजाचे तुकडे होऊन जातात आणि मोडेमची जोडणी टिकत नाही, असेही त्यांनी बजावले.

उणिवाही सांगायला हव्यात. पावतीवर केवळ ‘मोडेम दुरुस्ती’ असे लिहिलेले असते, काय बदलले त्याचा तपशील मागून घ्यावा लागतो. जुन्या सुट्या भागांना हमी नाही. बोर्डावरचा बारीक डाग देण्याचे काम ते घेत नाहीत, त्यामुळे विजेच्या कडकडाटात खरोखरच जळलेला मोडेम तिथे नेण्यात अर्थ नाही. मजुरी मला रास्त वाटली. तिथे मॉनिटर असतोच, तेव्हा आपला जड काचेचा मॉनिटर जिन्यावरून चढवू नये. मात्र केबल, अडॅप्टर आणि दूरध्वनीची तार स्वतःचीच न्यावी, नाहीतर दोष घरीच राहील. चवथीच्या दिवसांत दुकान बंद असते.