एनडीके आणि एएआर: सी++ची लायब्ररी दुसऱ्याच्या हाती देताना

स्वतःच्या अ‍ॅपपुरतं सी++ वापरायचं असेल तर अँड्रॉइडचं एनडीके (सी++ कोड अँड्रॉइडसाठी बांधायचा संच) आज डोळे मिटून घ्यावं इतपत सरळ झालंय. त्याच कोडची लायब्ररी बांधून दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये पाठवायची म्हटली की मात्र नाकी नऊ येतात. एनडीके आणि सीमेक, ग्रेडल ही बिल्डची साधनं, हे त्रिकूट मी कित्येक महिने रोज वापरतोय, त्या जोरावर हे लिहितोय.

काम काय ते आधी सांगतो. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना आम्ही मोटर-पंपांची कंपनं मोजायची यंत्रणा देतो. बेअरिंगच्या हाउसिंगवर सेन्सर चिकटवायचा, केबल फोनला लावायची आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर आहे ते स्क्रीनवर बघायचं. एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायची रीत) आणि फिल्टरचं गणित आमच्या ऑफिसातल्या काकांनी फार पूर्वी पीसीसाठी सी++मध्ये लिहिलेलं. ते कोटलिनमध्ये, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपच्या नेहमीच्या भाषेत, आणायचा विषय काढला की ते म्हणतात, "अरे, चालतंय ना? मग कशाला हात लावता?" म्हणून ते जसंच्या तसं लायब्ररी मॉड्यूलमध्ये घातलं. तीच लायब्ररी आमच्या अ‍ॅपमध्ये जाते आणि काही ग्राहकांच्या अ‍ॅपमध्येही.

सुरुवात गोड आहे. ग्रेडलमध्ये सीमेकच्या फाइलचा पत्ता दिला की बिल्ड होतं, आणि स्टुडिओचा डीबगर कोटलिनमधून थेट सी++च्या ओळीवर उतरतो. हे काकांनाही आवडलं, आणि त्यांना सहसा काही आवडत नाही. तयार होणारी एएआर, म्हणजे अँड्रॉइड लायब्ररी दुसऱ्याला द्यायची फाइल, ही साधी झिप असते. उघडून बघायची सवय लावून घ्या: आत क्लासेसचा जार, मॅनिफेस्ट आणि जेएनआय (कोटलिन आणि सी++मधला पूल) नावाचा फोल्डर, त्यात प्रत्येक एबीआयचा, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकाराचा, वेगळा उपफोल्डर. निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं.

उदाहरणार्थ, एका ग्राहकाच्या अ‍ॅपमध्ये दुसरी एक जुनी लायब्ररी फक्त ३२ बिटची होती, आमची दोन्हींची. अँड्रॉइड इन्स्टॉल करताना अख्ख्या अ‍ॅपसाठी एकच एबीआय निवडतं. ६४ बिटच्या फोनवर आमच्यामुळे आर्म६४चा फोल्डर दिसला, तो निवडला गेला आणि त्यांची लायब्ररी सापडेना. क्रॅशच्या नोंदीत नाव त्यांच्या लायब्ररीचं, पण "तुमची घातल्यापासून बंद पडलं" म्हणून फोन आम्हाला. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं म्हणा. गूगल प्लेने १ ऑगस्ट २०१९पासून ६४ बिट सक्तीचं केलं, पण कारखान्यात आतल्या आत वाटली जाणारी अ‍ॅप प्लेच्या वाटेला जातच नाहीत. तिथे हे अजून भेटतं.

आता सी++च्या स्टँडर्ड लायब्ररीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिने खाल्ला. एनडीके आर१८पासून एकच पर्याय उरलाय, लिबसी++. ती शेअर्ड (वेगळी फाइल म्हणून) जोडायची की स्टॅटिक (आपल्याच फाइलच्या पोटात), एवढाच प्रश्न. शेअर्ड ठेवली तर तिची प्रत आपल्या एएआरमध्ये जाते. ग्राहकाच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या कुणाच्या एएआरमधूनही तीच फाइल आली की ग्रेडल अडून बसतं: एकाच मार्गावर दोन फाइली सापडल्या. इंटरनेटवर पहिलं उत्तर मिळतं ते 'पिकफर्स्ट'चं, म्हणजे जी आधी सापडेल ती घे. ग्राहकाच्या अ‍ॅपवाल्याला हे सांगितलं की तो खुशीत म्हणतो "फावशे" (गुजरातीत 'चालेल'), बिल्डही होतं. पण घेतलेली प्रत जुन्या एनडीकेची निघाली आणि आपल्या कोडला नव्यातलं एखादं सिम्बॉल (फंक्शनचं वगैरे नाव) हवं असलं, तर लायब्ररी लोड होतानाच सिम्बॉल सापडत नाही म्हणून अ‍ॅप कोसळतं.

मी शेवटी स्टॅटिकवर आलो, आणि लायब्ररी बाहेर देणाऱ्याने तेच करावं असं माझं मत आहे. फक्त अर्धवट करून भागत नाही. लिंकरला व्हर्जन स्क्रिप्ट (कोणती नावं बाहेर दिसतील ती यादी) द्यायची, त्यात बाहेर दिसणारं नाव एकच, जेएनआय-ऑनलोड, म्हणजे लायब्ररी लोड होताच चालणारं फंक्शन. बाकी सगळं लोकल. मग आपली लिबसी++ची प्रत दुसऱ्या कुणाच्या प्रतीत मिसळत नाही. मेथड्सची जोडणी ऑनलोडमध्येच रजिस्टरनेटिव्हज वापरून करायची, म्हणजे नावात काही चूक असेल तर लोड होतानाच कळतं, पंपासमोर उभं राहून बटण दाबल्यावर नव्हे. सी++ आणि कोटलिनच्या सीमेवरून स्ट्रिंग, व्हेक्टर, एक्सेप्शन काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे सेन्सरचे नमुने डायरेक्ट बाइटबफरमधून आत जातात आणि कोटलिनच्या हाती उरतो तो फक्त एक लाँग, म्हणजे हँडल.

इथे प्रीफॅबशी खटका उडतो. एएआरमधूनच हेडर आणि नेटिव्ह लायब्ररी दुसऱ्याच्या सीमेकला पुरवायची ही सोय, ग्रेडल प्लगिन ४.१पासून आपल्या लायब्ररीलाही ती बाहेर देता येते. कल्पना झकास. पण स्टॅटिक लिबसी++ पोटात असलेली शेअर्ड लायब्ररी आणि बाजूला लिबसी++ वापरणारी दुसरी, ही जोडी प्रीफॅब सरळ नाकारतं. नियम म्हणून त्याचं बरोबर आहे, पण आमच्यासारख्याला दोन एएआर सांभाळाव्या लागतात: कोटलिनवाल्यांना स्टॅटिक, सी++वाल्यांना प्रीफॅबची शेअर्ड. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचा गिऱ्हाईक एकच आहे, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच.

रिलीज बिल्डचा एक सापळा: नेटिव्ह मेथड्सची नावं नेहमीचे नियम राखतात, पण सी++मधून उलट हाक मारलेले कोटलिनचे क्लास आर८ला (रिलीजचा कोड आटोपशीर करणारं साधन) निरुपयोगी वाटतात. तो नावं बदलतो किंवा क्लासच काढून टाकतो. डीबगमध्ये सगळं आलबेल, रिलीजमध्ये बोंब. कीप-नियम (काय काढायचं नाही ते सांगणारे) लायब्ररीच्या कन्झ्युमर फाइलमध्येच घाला, ग्राहकाने घालावेत अशी अपेक्षा ठेवू नका. तसंच सेन्सर वाचणारा थ्रेड सी++नेच उघडलेला असेल तर त्यातून फाइंडक्लासला (नावावरून क्लास शोधणारं फंक्शन) अ‍ॅपचे क्लास दिसत नाहीत. ते ऑनलोडमध्ये शोधून ग्लोबल रेफरन्स करून ठेवावे लागतात.

विंडोजवर प्रकल्पाचा फोल्डर डी ड्राइव्हच्या तोंडाशीच ठेवा, नावही तोकडं ठेवा. सीमेकचे मधले फोल्डर इतके खोल जातात की पाथची मर्यादा भरते. ग्राहकाला स्ट्रिप केलेली (डीबगची माहिती काढलेली) फाइल जाते, पण न स्ट्रिप केलेली प्रत प्रत्येक आवृत्तीसोबत जपून ठेवा; नाहीतर क्रॅशचे पत्ते एनडीके-स्टॅकला देऊनही ओळ कळत नाही.

शेवटचं प्रकरण १६ केबी पेजचं, म्हणजे मेमरीचा एकेक तुकडा ४ऐवजी १६ केबीचा. अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेली नवी अ‍ॅप आणि अपडेट यांना प्लेवर १ नोव्हेंबर २०२५पासून ६४ बिट फोनसाठी याचा आधार लागतो. आपलं कोड असेल तर त्रास नाही: एनडीके आर२८ हे आपोआप करतं, आर२७मध्ये एक फ्लॅग द्यावा लागतो. खात्री करायला ऑब्जडम्पने लोड सेगमेंटची ओळ बघायची, अलाइन २**१४ (म्हणजे १६ केबी) दिसलं की झालं. कोडमध्ये कुठे पेज ४०९६चंच असं गृहीत धरलेलं असेल तर ते वेगळं शोधावं लागतं. काकांच्या गणितात तसं काही नव्हतं.

घोडं अडलं ते सेन्सरच्या ड्रायव्हरवर. विकणाऱ्याने सोर्स न देता नुसती बांधलेली फाइल दिलीय, तिच्यात २**१२, म्हणजे ४ केबी. ती रीलिंक करण्याशिवाय दुसरा मार्ग नाही, आणि ते आपल्या हातात नसतं. ईमेलला "टीमला कळवलंय" एवढंच उत्तर येतं. तोवर ड्रायव्हर आम्ही मुख्य लायब्ररीतून काढून वेगळ्या एएआरमध्ये ठेवलाय, म्हणजे तो सेन्सर न वापरणाऱ्यांचं अपडेट अडकत नाही. आणि नव्या सेन्सरची ऑर्डर देताना आता काका किमतीच्या आधी विचारतात, "सोर्स देणार का?"