मुलांना कॉलेजात न्यायचं, की कॉलेज शाळेत आणायचं?

आठवीची मुलं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली की ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबथेंब मोजून सोडायची काचेची नळी, बघायला मिळते. रंग बदलणारा दर्शक घातलेल्या विहिरीच्या पाण्यात ईडीटीए नावाच्या रसायनाचे थेंब पडतात, वाइनसारखा लाल रंग एकदम निळा होतो आणि पाणी किती दुष्फेन (साबणाला कमी फेस देणारं) ते आकड्यात कळतं. मुलं हरखतात, पण चाळीस जणांत ब्युरेटला हात लागतो चौघांचा. (काच फुटण्याची धास्ती सरांनाच जास्त!)

उलट बीएस्सीची पोरं शाळेत आली, तर हाताशी फक्त बाटल्या आणि साबण. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस, विहिरीच्या पाण्याला जेमतेम. असं का? मग पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा विषय निघतो, त्यामागून ते ज्यातून येतं त्या बेसाल्ट खडकाचा, म्हणजे थेट भूगोल. ‘आमच्याकडे डाळ लवकर शिजत नाही’ हेही कुणीतरी सांगतंच. माझं मत दुसऱ्याला. ब्युरेट बघायला नंतर एखाद्या शनिवारी जाऊ.