मुलाखत, गटचर्चा की टोळीबरोबर मुक्काम?

‘सदर संशोधनासाठी गुणात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल’ एवढं एक वाक्य आराखड्यात टाकलं की काम भागतं, असं पुष्कळांना वाटतं. मार्गदर्शकांची सहीही होते. पंचाईत होते ती गावात गेल्यावर. सखोल मुलाखत, गटचर्चा आणि सहभागी निरीक्षण (म्हणजे लोकांबरोबर मुक्काम करून पाहणं) या तिन्हींना वेळ वेगळा लागतो, पैसा वेगळा लागतो आणि त्याच माणसांकडून तिन्ही वेळा उत्तरंही वेगळीच मिळतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवर एमएसडब्ल्यूचा किंवा पीएचडीचा प्रबंध करायचा आहे, असं धरून चालू. विषय दुसरा असला तरी निवडताना पडणारे प्रश्न साधारण हेच.

त्याआधी, गुणात्मक पद्धत लागते तरी का? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांवर महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘किती जणींची?’ हा प्रश्न असेल तर रस्ता हाच, तिथे तुमच्या वीस मुलाखतींना कोणी विचारणार नाही. पण पिशवी काढायचं घरात आधी कोण बोललं, डॉक्टरने नेमकं काय सांगितलं, ऑपरेशनचे पैसे कोणाकडून उचलले, हे सर्वेक्षणाच्या रकान्यात मावत नाही. तुम्हाला ‘किती’ हेच शोधायचं असेल तर पुढचं वाचत बसू नका, संख्याशास्त्राचा जाणकार गाठा.

घाईतले लोक गटचर्चेकडे वळतात, कारण ती स्वस्त पडते. सहा ते दहा माणसं, समाजमंदिराची खोली, दीड तास, एक रेकॉर्डर. एका दुपारीत आठ जणांचं बोलणं पदरात. तरीही माझं मत असं, की पैशाच्या व्यवहाराबद्दल विचारायचं असेल तर गटचर्चेला हात लावू नये. जमलेल्या घोळक्यात मुकादमाचा, म्हणजे उचल (आगाऊ रक्कम) देऊन मजुरांची टोळी जमवणाऱ्याचा, कोणीतरी भाऊबंद असतोच. ‘उचल फिटली नाही तर काय होतं?’ असं विचारलं की “काय होतंय, फुडल्या साली फेडायची. मुकादम घरचाच माणूस हाय” अशा धाटणीचं उत्तर येतं आणि बाकीचे माना डोलावतात. हे उत्तर खोटं म्हणून फेकून देऊ नका. चारचौघांत काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे त्यातून नीट कळतं. फक्त त्याला उचलीची माहिती समजू नका.

गटचर्चा खुलते ती आठवण सगळ्यांची मिळून असते तिथे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गेलेल्या किल्लारी परिसरातल्या एखाद्या जुन्या गावठाणाचा नकाशा काढायचा असेल, तर एकेकाची मुलाखत घेत फिरण्यापेक्षा पाच-सहा वयस्क माणसं एकत्र बसवावीत. एक जण मारुतीचं देऊळ दाखवतो, दुसरा म्हणतो, “तिथं नव्हं, आडाच्या अलीकडं.” त्या वादातून गल्ली उभी राहते. पुनर्वसनातल्या सरळ ओळीच्या घरांत तुटलेला शेजार कोणता, हेही त्यातच कळतं. एकट्या माणसाला इतकं आठवत नाही.

आता मुलाखत. नवख्या संशोधकाची इथली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे प्रश्नावली मराठीत आणून ती वाचून दाखवणं. ‘कामाच्या ठिकाणी तुम्हाला आरोग्याचा त्रास होतो का?’ याला उत्तर “न्हाई” असं येतं आणि संपतं. त्याऐवजी म्हणा, “मावशी, उसाच्या फडातला एक दिवस सांगा ना, उठल्यापासून.” मग पहाटे तीनचं उठणं येतं, चूल पेटवणं, कोपीत (खोपटात) झोपलेलं लेकरू, थंडीत ओला ऊस, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. आणि याच ओघात, तुम्ही न विचारता, पाळीच्या दिवसांतही खाडा करता येत नाही, कारण खाड्याचे पैसे कापतात, हे येतं. आरोग्य, मजुरी आणि मुकादम या तीन प्रकरणांचा ऐवज एका उत्तरात. गप्प राहायला मात्र शिकावं लागतं. बाई थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकणाऱ्याला अर्धीच गोष्ट मिळते.

संशोधक पुरुष असेल तर पाळी-गर्भपिशवीच्या विषयात एकट्याने जाऊच नये. सोबत आशाताई असल्या तर दार उघडतं, पण गावातली ओळखीची बाई ऐकतेय म्हणून काही गोष्टी दाबल्याही जातात. बाहेरगावची सहकारी बरी.

मुलाखतीची मोठी मर्यादा ही, की माणूस त्याला सांगण्यासारखं वाटेल तेच सांगतो. जे रोजचंच आहे ते त्याच्या तोंडी येत नाही. मजुरी ठरताना नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचं एकच एकक, धरलं जातं, उचल सहसा नवऱ्याच्या हाती पडते, हिशेबाची वही मुकादमाकडे राहते. बाईला हे सांगण्याजोगं वाटतच नाही. ते दिसतं फडावर राहिलं तर. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले, तेव्हापासून मानववंशशास्त्रात मुक्कामाला हे मोल आहे. आपल्या जवळचं उदाहरण शामीरपेटचं: हैदराबादजवळच्या या गावाचा मानववंशशास्त्रज्ञ एस. सी. दुबे यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात असताना, अभ्यास केला. तेही एकट्याने नव्हे, सोबत सहकाऱ्यांचा चमू होता.

मुक्कामाच्या अडचणी उघड आहेत. टोळीत शिरायचं तर मुकादमाच्या परवानगीने, आणि एकदा त्याचे पाहुणे झालात की मजूर तुम्हाला त्याच्याच बाजूचे समजतात. राहायचं कुठे, हा दुसरा प्रश्न. म्हणून अख्खा हंगाम न राहता, आधी गावात मुलाखती घेऊन ओळख झालेल्या दोन-तीन कुटुंबांच्या फडावर आठवडाभर जाणं, हा मला सर्वांत जमणारा मार्ग वाटतो.

‘सॅम्पल एवढंच?’ हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासून दाखवलं, की बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. पण ते एकसारख्या स्त्रियांपुरतं, एका आटोपशीर प्रश्नापुरतं होतं. जोडप्याने जाणारी बाई, एकटी जाणारी विधवा आणि बैलगाडीवाला यांना एका डझनात कोंबू नका.

बोलणं ऐकून लिहून काढायला तासाच्या रेकॉर्डिंगमागे चार-सहा तास धरा. गटचर्चेला त्याहून जास्त, कारण सगळे एकदम बोलतात. मोबाइलवरचं आपोआप टायपिंग बीडकडच्या बोलीत अडखळतं. आणि प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या रामपुरा गावाच्या तयार नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला एकाच आगीत गेल्या. आपल्याकडे लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच सॅकमध्ये असतात.

शेवटी बरंच काही कॅलेंडर ठरवतं. दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात, मागे म्हातारी माणसं आणि काही लेकरं उरतात, आणि मंडळी परततात ती मार्च-एप्रिलच्या सुमारास. जूनमध्ये विषय मंजूर झाला तर मुलाखतींना दसऱ्यापर्यंतचाच वेळ. पहिली फेरी त्यात उरकून घ्या. डिसेंबरात मंजूर झाला तर गावात जाऊन उपयोग नाही, थेट फड गाठा किंवा मागे राहिलेल्या आजी-नातवंडांचाच विषय घ्या. नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्यांनी उन्हाळ्याची सुट्टी मुलाखतींना राखावी. तेव्हा लोक घरी असतात, पण लग्नसराईही असते, त्यामुळे वेळ मागताना दुपारची मागा.