सेलर मून, साकुरा की मादोका: आधी काय बघाल?

जादू येणाऱ्या मुलींच्या जपानी गोष्टी, म्हणजे ‘माहो शोजो’, बघायच्या तर सुरुवात कुठून करायची? जाणकार बहुधा तीन नावं सुचवतात. माझं उत्तर आधीच सांगते: कार्डकॅप्टर साकुरा.

सुरुवातीच्या मालिकांच्या नायिका बघा: १९६६ ची सॅली जादूच्या राज्यातून आलेली, १९६९ च्या आक्को-चानकडे जादूचा आरसा. दोघींची जादू घर, शाळा, शेजारपाजार एवढ्यातच रमायची. नाओको ताकेउची यांच्या सेलर मूनने (अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, १९९२) तिला रणांगणात उतरवलं आणि एकटीच्या जागी मैत्रिणींची फौज उभी केली. तिची नायिका उसागी रडूबाई आहे, झोपाळू आहे, अभ्यासात ढ आहे, आणि म्हणूनच ती उभी राहते तेव्हा आपलाही ऊर भरून येतो. अडचण लांबीची. एकूण २०० भाग, बऱ्याच भागांत नवा राक्षस आणि रूपांतराचं तेच दृश्य. वेळ नसेल तर पहिले ४६ भाग बघा. तिथे एक गोष्ट पुरी होते. शेवटचे दोन तर रडवतातच.

साकुराचे ७० भाग (१९९८ ते २०००). मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, क्लॅम्प या चौघींच्या गटाचा, १२ खंडांचा. साकुराने पकडायची जादूची कार्डं मांगात १९ आणि अ‍ॅनिमेत ५२, त्यामुळे अ‍ॅनिमे निवांत चालतो. मला तो निवांतपणाच आवडतो. चौथीतली ही मुलगी सकाळी खाली आली की वारलेल्या आईच्या फोटोला आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणते. घरकाम बाबा, दादा आणि ती पाळीपाळीने करतात. आणि मुख्य म्हणजे जादूने तिचे कपडे बदलत नाहीत. तिची मैत्रीण तोमोयो नवनवे पोशाख हौसेने शिवून आणते, ते तिला घालायला लावते आणि कॅमेरा घेऊन मागे मागे धावते. लढाईला निघालेल्या मुलीच्या अंगावर मैत्रिणीच्या हातचं शिवण! या प्रकारात इतकी मायेची कल्पना मला दुसरी सापडलेली नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलीबरोबर बघायचं असेल तर डोळे मिटून हीच मालिका घ्या.

मादोका माजिका (२०११) फक्त १२ भागांची, साधारण पाच तासांची. लहान म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करायचा मोह होईल, पण तो आवरा. चित्रं गोड असली तरी ती मुलांसाठी नाही. मृत्यू आणि निराशा तिथे खरीखुरी आहे. चेटकिणींच्या चक्रव्यूहातली कात्रणं चिकटवल्यासारखी चित्रं तर अंगावर काटा आणतात. साकुराजवळ केरो नावाचा छोटा जादूचा प्राणी असतो, गोडधोडावर तुटून पडणारा, जिवाभावाचा. त्याच्यावर जीव जडल्यावरच मादोकातला तसाच छोटा प्राणी क्यूबे ‘कोणतीही एक इच्छा पुरी करतो, माझ्याशी करार कर’ म्हणतो, तेव्हा आपण विश्वासाने त्याच्याकडे बघतो. ही मालिका त्याच विश्वासावर उभी आहे. पहिले दोन भाग साधे वाटले तरी तिसरा संपेपर्यंत सोडू नका, आणि तोवर तिच्याबद्दल कुठेही काही वाचू नका.