'लाइफटाइम लायसन्स' घेण्याआधी हे वाचा

सॉफ्टवेअर खोटं नव्हतं, हे आधीच सांगते. रेव्हिट, म्हणजे इमारतीचं मॉडेल आणि ड्रॉइंग एकत्र करायचं सॉफ्टवेअर, उघडत होतं, नीट चालत होतं, अकरा महिने आम्ही त्यावर रोज काम केलं. म्हणूनच आपण फसलोय हे कळायला इतका वेळ लागला.

आमचं ऑफिस लहान आहे, मी आणि दोन ज्युनियर आर्किटेक्ट. तोवर प्लॅन-सेक्शन (आडवा नकाशा आणि उभा छेद) ऑटोकॅडमध्ये आणि थ्रीडी मॉडेल स्केचअपमध्ये, म्हणजे एकच घर दोनदा काढायचं. क्लायंटने खिडकी फूटभर सरकवायला सांगितली की प्लॅन, एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू), मॉडेल, विंडो शेड्यूल (खिडक्यांच्या मापांची यादी) असं चार ठिकाणी हात लावावा लागे. एखादं राहून जाई आणि साइटवर चौकट चुकीच्या मापाची येई. बिमकडे, म्हणजे एकाच मॉडेलमधून सगळी ड्रॉइंग आणि याद्या काढायच्या पद्धतीकडे, वळायचं हे पक्कं झालं होतं, प्रश्न फक्त कोणतं सॉफ्टवेअर, एवढाच.

अशा वेळी ओळखीतल्या ओळखीतून एक विक्रेता आला. त्याने आमच्यासमोर रेव्हिटमध्ये एक भिंत सरकवली. प्लॅन बदलला, सेक्शन बदललं, शेड्यूलमधली मापं आपोआप बदलली. ज्या चुकीपायी आम्ही वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली, ती डोळ्यांदेखत निकालात निघत होती. मग तो म्हणाला, "मॅडम, एकदाच पैसे भरा, आयुष्यभर बघायला नको. रेव्हिट, ऑटोकॅड, थ्रीडीएस मॅक्स, सगळं यात आलं." रक्कम अधिकृत दराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. मी विचारलं, इतकं स्वस्त कसं? "कंपनीची बल्क स्कीम आहे."

मी विश्वास का ठेवला, तेही सांगायला हवं. 'कायमचं लायसन्स' हा शब्द आमच्या धंद्यात अनोळखी नाही. ऱ्हायनो हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर आजही कायमच्या लायसन्सवर मिळतं. स्केचअप प्रो 2020 पर्यंत तसं मिळत होतं. माझ्या एका वरिष्ठांकडे जुन्या ऑटोकॅडचं कायमचं लायसन्स आहे आणि ते अजून चालतं. पण रेव्हिट आणि ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने आपल्या बहुतेक सुट्या सॉफ्टवेअरची नवीन कायमची लायसन्सं विकणं 31 जानेवारी 2016 लाच थांबवलं, आणि त्याच वर्षी एकत्र संचांचीही. त्यानंतर आहे ते ठरावीक मुदतीचं सबस्क्रिप्शन. म्हणजे आज कोणी रेव्हिटचं नवं 'लाइफटाइम' विकायला आला, तर तो जे विकतोय ती वस्तूच अस्तित्वात नाही. पाच मिनिटं शोधलं असतं तरी मला हे कळलं असतं.

पैसे त्याने एका व्यक्तीच्या खात्यावर मागितले. बिलावर फक्त 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन' लिहिलेलं. ना सॉफ्टवेअरचं नाव, ना मुदत, ना लायसन्सधारकाचं नाव. लॉगिन आमच्या ईमेलवर नव्हतं, त्याने दिलेल्या पत्त्यावर होतं आणि त्याच्या शेपटीला कुठल्याशा शिक्षणसंस्थेचं डोमेन होतं. जाताना तो बजावून गेला: साइन आउट करू नका, पासवर्ड बदलू नका, खात्याच्या पानावर जाऊ नका. माझ्या ज्युनियरने हे तिन्ही पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं. ती चिठ्ठी अकरा महिने माझ्या डोळ्यांसमोर होती. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचा पासवर्ड आपल्याला का बदलता येऊ नये, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

वर्किंग ड्रॉइंग द्यायच्या आठवड्यात एका संध्याकाळी जिन्याचं सेक्शन चालू असताना ज्युनियर म्हणाली, "मॅडम, हे परत लॉगिन मागतंय." पासवर्ड टाकला, आत गेलो, पण रेव्हिट वापरायचा हक्कच उरला नव्हता. मी पहिल्यांदा खात्याचं पान उघडलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: एज्युकेशन. विद्यार्थी आणि शिक्षकांना शिकण्यासाठी ऑटोडेस्क जो मोफत वापर देते, तो एका वर्षाचा असतो आणि पात्रता दाखवूनच वाढवून मिळतो. धंद्यासाठी तो वापरताच येत नाही. आम्हाला फुकटची वस्तू विकली होती, आणि वर्षभर आम्ही नकळत नियम मोडून क्लायंटची कामं करत होतो. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं.

विक्रेत्याने फोन उचलला. "तासाभरात चालू करून देतो." त्या तासाचे तीन दिवस झाले. मग त्याने एक लिंक पाठवली आणि सांगितलं, अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा. घायकुतीला येऊन आम्ही एका मशीनवर तेही केलं. आमच्या फाइली उघडेनात, कारण त्याने दिलेलं व्हर्जन एक वर्ष मागचं होतं. रेव्हिटची फाइल नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाली की जुन्यात उघडत नाही, आणि जुन्या व्हर्जनसाठी सेव्ह करायची सोयही नाही. ते मशीन आम्ही फॉरमॅट केलं आणि कंपनीच्याच साइटवरून, आमच्या ईमेलवर, महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं. त्याच संध्याकाळी फाइली उघडल्या. हेच पहिल्या रात्री करता आलं असतं, पण आधीच भरलेले पैसे सोडवत नव्हते.

आता नवीन काही घेताना मी फीचर नंतर बघते. खातं कोणाच्या ईमेलवर, बिलावर कोणाचं नाव, मुदत किती, हे आधी. विक्रेता मध्ये असेल तर तो अधिकृत आहे का, हे त्याला न विचारता कंपनीच्या साइटवरच्या यादीत बघायचं. घाई तर करूच नये: ऱ्हायनो नव्वद दिवस पूर्ण वापरून बघता येतं, रेव्हिटचीही ट्रायल असते. आणि पैसे खरंच नसतील तर फ्रीकॅड आणि ब्लेंडर ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, उजळ माथ्याने धंद्यासाठीही वापरता येतात. शिकायला वेळ लागतो, हे खरं. आणखी एक सवय आम्ही लावून घेतली आहे: दर शुक्रवारी चालू कामाचं आयएफसी आणि डीडब्ल्यूजी (इतर सॉफ्टवेअरही उघडू शकतील असे मॉडेलचे आणि ड्रॉइंगचे फाइल-प्रकार) एक्सपोर्ट करून वेगळ्या डिस्कवर. उद्या लॉगिन बंद पडलं तरी काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येईल.

तक्रार केली आहे, पैसे आलेले नाहीत, त्याचा नंबर बंद आहे. गेल्या आठवड्यात नुकतंच स्वतःचं ऑफिस थाटलेल्या एका मित्राने मला मेसेज दाखवला: एकदाच पैसे भरा, आयुष्यभर बघायला नको. फक्त 'मॅडम'च्या जागी 'सर' होतं. पैसे भरायच्या आधी त्याने विचारलं, म्हणून हे लिहायला बसले.